चिंचेखालची पाठमोरी बाई

फाल्गुन सरत आला की आमच्या अंगणात चपलेखाली चिंचेची टरफलं वाजायला लागतात. कितीही झाडलं तरी चार राहतातच. परवा सकाळी दूध आणायला निघाले तर पायाखाली कुर्रकन वाजलं, आणि तोंडाला पाणी सुटायच्या आधी छातीत काहीतरी टोचलं. इतकी वर्षं झाली, अजून ते टोचणं याच दिवसांत येतं. बाकी वर्षभर मी शहाण्यासारखी वागते.

हडपसरच्या पुढचं आमचं गाव आता गाव राहिलेलं नाही. महापालिकेत गेलं. शेताच्या जागी काचेच्या इमारती आल्या आणि आमच्याकडे दोन चिंचा उरल्या, एक विहिरीजवळची आणि एक दारातली. कंपनीतली मुलं दारातल्या चिंचेच्या सावलीला गाड्या लावतात आणि टपावर चिंच पडली की वर बघून चिडतात. झाड काही बोलत नाही. मीही बोलत नाही. न बोलणाऱ्यांचं बरं जमतं.

चिंच झोडपली की पोत्यानं अंगणात येते. मग फोडायला बसायचं. लहान हातोडीनं टरफल उडवायचं, शिरा ओढून काढायच्या, विळीवर पोट चिरून चिंचोके काढायचे, मीठ लावून गोळे करायचे. बोटांना बारीक चिरा पडतात आणि त्यांत चिंचेचा रस जातो. सुरुवातीचे दिवस झोंबतं, नंतर बोटं काळी होतात आणि कळेनासं होतं. सासूबाईंची एक शिस्त होती. चिंच फोडणाऱ्या बाईनं झाडाकडे तोंड करून बसायचं, फाटकाकडे पाठ करायची. येणाऱ्याजाणाऱ्याची नजर फोडलेल्या चिंचेवर पडली तर चिंच काळी पडते, असं त्या म्हणायच्या. मला ती शिस्त फार आवडायची. लग्नात माझे फोटो काढले तेव्हा सगळ्या फोटोंत माझी मान खाली आहे. कुणी बघतंय असं वाटलं की माझी मान आपोआप जाते. पाठ करून बसायचा हुकूम मिळाला, म्हणजे मला जणू माहेरच मिळालं.

पण एका वर्षी, माझी लेक तनू लहान असताना, माझ्या पाठीमागे पायऱ्यांवर ऋजुता येऊन बसली.

ऋजुता म्हणजे माझी धाकटी जाऊ. कोथरूडची. भावजींची आणि तिची कॉलेजातली ओळख. लग्न होऊन आमच्या घरी आली तेव्हा ती जाहिरातीच्या कंपनीत चित्रं काढायची. मग एक दिवस ती नोकरी सोडून आली आणि म्हणाली, मला लहान मुलांच्या पुस्तकांत चित्रं काढायची आहेत, दुसरं काही करायचं नाही. सासूबाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बरंय की. आमच्या तनूलापण घ्या जोडीला. तीपण भिंतीवर काढती." ऋजुता हसली. मलाही हसू आलं होतं. तेव्हा मी तिच्या बाजूची होते.

मोठी सपाट पिशवी खांद्याला लावून ती बसनं शहरात जायची, प्रकाशकांना चित्रं दाखवायला. परत यायची तेव्हा फाटकातून आत येतानाच तिच्या चालीवरून कळायचं काय झालं ते. एकदा पायऱ्यांवर बसकण मारून म्हणाली, "वहिनी, ते म्हणतात, मॅडम, मुलं जरा गोड काढा. मी काय करू? पाकात बुडवून काढू?" एकदा कुणी म्हणालं, रंग फार मातकट आहेत. एकदा म्हणे, सगळ्या मुलांची तोंडं सारखीच दिसतात. त्यावर मात्र ती चिडली नाही. म्हणाली, "ते खरंय. चित्रकाराला कितीही सांगा, हाताला स्वतःचंच तोंड पाठ असतं. लक्ष नसलं की तेच उतरतं." मग तिनं मला चित्रं दाखवली. कोळ्याचा मुलगा, राजाची मुलगी, टोपीवाला म्हातारा, सगळ्यांच्या हनुवटीला मध्ये खळी. ऋजुताच्या आहे तशी. आम्ही दोघी खूप हसलो. तोंड काढायचं तर समोर खरं माणूस पाहिजे, असं तिनं ठरवलं, आणि कागदाची पाटी घेऊन ती वरच्या खोलीतून खाली अंगणात आली.

तनू तेव्हा पहिलीत होती. उन्हाळ्याची सकाळची शाळा. अकराला सुटायची. आधी ती फाटकातून आली की दप्तर टाकून माझ्या गळ्यात पडायची, तोंडाला खडूचा वास, आणि माझ्या ओंजळीतली गाभुळलेली चिंच पळवायची. त्या वर्षी फाटकाचा आवाज व्हायचा, दप्तर पडल्याचा आवाज व्हायचा, आणि मी मान पुढे करून वाट बघायची. मान मोकळीच राहायची. पाठीमागे पायऱ्यांवर आवाज सुरू व्हायचा.

"काकू, ही मुलगी कुठं चाललीय?"

"तूच सांग."

"हिची चप्पल तुटलीय. म्हणून ती चंद्रावर चाललीय."

"चंद्रावर चांभार आहे?"

"आहे! पण तो दुपारी झोपतो."

मला कधी सुचलं नसतं. मला तनूनं काही विचारलं की मी म्हणायची, आधी हातपाय धू. तेही कुणीतरी म्हणायला पाहिजेच. पण हातपाय धू म्हणणाऱ्या बाईकडे कोण धावत येतं?

शेजारच्या हिराकाकी माझ्याबरोबर फोडायला बसायच्या. त्यांचं तोंड हातोडीपेक्षा जोरात चालायचं. "तुजी लेक तिकडंच असती गं हल्ली. जाऊबाईनं काय गूळ लावलाय का बोटाला?" मी म्हणायची, "असू दे की. तेवढाच मला निवांतपणा." हिराकाकी हातोडी थांबवून माझ्याकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "व्हय. दिसतोय निवांतपणा. चिंचोकापण फुटला."

एके दिवशी मी तनूला जेवायला हाक मारली. ती आली, पण बसली नाही. एक डोळा मिटून, पेन्सिल पुढे धरून माझ्याकडे बघत राहिली. ऋजुता बघायची तशी.

"काय करतेस?"

"थांब आई. तू केवढी आहेस ते बघते."

"मग? केवढी आहे?"

"पेन्सिलीएवढीच आहेस गं."

ऋजुता मागून खळखळून हसली. मीही हसले. भाकरी करपली होती त्या दिवशी.

आम्हाला लहानपणी सांगितलं होतं, कुणाकडे टक लावून बघू नये. पोरीच्या जातीनं तर नाहीच. आणि ही बाई टक लावून बघायचंच काम करत होती. मी जन्मभर चिंच फोडली, पण टरफलाच्या आतल्या बाजूला रेशमासारखी चमक असते हे मला ऋजुतानं दाखवलं. चिंचेच्या पानातून खाली पडणारं ऊन चाळणीतून पडल्यासारखं दिसतं, तेही तिनंच. माझं झाड, माझं अंगण, माझी लेक, आणि बघणारी ती. हेवा म्हणजे काय असतं हे मला तेव्हा कळलं. तिच्याकडे असलेलं मला हवं होतं असं नाही. माझ्याकडे होतं तेच तिला जास्त दिसत होतं.

मग तो दिवस आला. तिला पहिलं पुस्तक मिळालं होतं. आई आणि मुलीची गोष्ट. फार दिवसांनी मिळालेलं काम, त्यामुळे ती आठवडाभर नीट जेवली नव्हती. मी फोडायला बसले होते, तनू माझ्यासमोर, विळीच्या पलीकडे, गाभुळलेली चिंच चोखत. मागून ऋजुताचा आवाज आला, "वहिनी, हलू नका. अशाच बसा."

"माझं तोंड काढू नकोस हं," मी म्हटलं.

"पाठच काढते. अंबाडा, मान आणि हात. तोंड तनूचं."

मी हलले नाही. सगळं अंग ताठ झालं होतं, हात मात्र चालू ठेवले. समोर तनू. तिनं चिंच तोंडातून काढली होती आणि ती बघत होती. अशी बघत होती की विचारू नये. डोळे मोठे, ओठ जरासे उघडे, गालावर चिंचेचा डाग. सगळं जग एका माणसात सापडल्यावर लेकरू बघतं, तसं. फक्त ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होती.

"तनू," मी हळूच म्हटलं, "इकडे बघ."

"थांब ना आई. काकू काढतेय."

पुस्तक पावसाळ्यानंतर छापून आलं. त्याआधी बरीच ओढाताण झाली. प्रकाशकांचं म्हणणं, आईचं तोंड का दिसत नाही, मुलांना आई कळायला नको का? ऋजुतानं झाडाचा रंग बदलला, माझ्या साडीचा बदलला, मांजर घाला म्हणाले तर मांजर घातलं. आई वळवली नाही. म्हणाली, हिला वळवायचं असेल तर दुसरं कुणी बघा. भावजी तिला समजावत होते, पहिलंच काम आहे, ऐक. तिनं ऐकलं नाही. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते आणि मला वाटत होतं, हिनं ऐकावं, आणि वाटत होतं, ऐकू नये.

पुस्तक तिनं आधी माझ्या हातात दिलं. मी ते पान उघडलं. चिंच होती, चाळणीतलं ऊन होतं, माझा अंबाडा होता, त्यातून सुटलेली बटसुद्धा. आणि समोर तनू. तीच नजर, तेच उघडे ओठ, तोच डाग. पण डोळ्यांची बुबुळं जराशी खाली आली होती. तिळाएवढी. त्या तिळाएवढ्या फरकानं ती नजर माझ्या खांद्यावरून न जाता माझ्या तोंडावर आली होती.

"आवडलं का वहिनी?"

"बरं आहे," मी म्हटलं.

लोकांना ते पुस्तक फार आवडलं. सगळे तेच बोलायचे, त्या मुलीची आईकडे बघायची नजर बघा. मग शाळांतली मुलं विचारायला लागली, ही बाई कोण, पुढच्या पुस्तकात आहे का? ऋजुतानं तिला पुढच्या पुस्तकात घातलं, आणि त्याच्या पुढच्याही. बसथांब्यावर उभी, मंडईत वांगी निवडताना, हत्तीला अंघोळ घालताना, समुद्राकडे बघताना. सगळीकडे पाठमोरी. मी अजून समुद्र पाहिलेला नाही, पण माझा अंबाडा पाहून आला. ऋजुताचं नाव आधी आतल्या पानावर बारीक अक्षरांत असायचं. ते हळूहळू मुखपृष्ठावर आलं. भावजी आणि ती कोथरूडला राहायला गेले. तिथं तिची उजेडाची मोठी खोली आहे. आता ती संगणकाच्या पडद्यावर चित्रं काढते. पूर्वीच्या कागदांचा गठ्ठा तिनं आमच्याकडे टाकला. माझी शाळा चौथीनंतर सुटली तरी मला लिहायची सवय राहिली. त्या गठ्ठ्यातल्या कागदांच्या कोऱ्या बाजूवर मी हे लिहिते. उलटीकडे हत्ती आहे.

एकदा तिच्या कार्यक्रमाला कोथरूडला गेले होते. ऋजुतानं माझी ओळख करून दिली. एक बाई धावत आल्या. "अय्या, म्हणजे तुम्हीच का त्या? जरा वळता का?" मी वळले. त्यांनी माझ्या पाठीचा फोटो काढला, धन्यवाद म्हणाल्या आणि गेल्या. माझं तोंड बघायचं त्यांच्या लक्षातच आलं नाही. तनू बाजूला उभी होती. ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

आता तनूचं कॉलेजचं शेवटचं वर्ष. परीक्षा जवळ आली आहे. पुस्तकं घेऊन चिंचेखाली बसते आणि अभ्यास सोडून चिंच खाते. परवा टरफलं वाजली, आणि जे कधी विचारलं नव्हतं ते मी विचारलं.

"त्या चित्राच्या दिवशी तू कुणाकडे बघत होतीस गं?"

"कुठल्या? पहिल्या पुस्तकातल्या? तुझ्याकडे. चित्रातच आहे की."

"चित्राचं नाही. खरं विचारतेय."

"खरंच सांगतेय. मला आठवतंय ना. तू चिंच फोडत होतीस आणि मी तुझ्याकडे बघत होते." मग तिनं चिंचोका थुंकला. "गंमत म्हणजे, आठवायला गेलं की मला मीच दिसते. आणि तुझी पाठ दिसते. तेव्हा तू चेहऱ्यानं कशी होतीस, आई? मला अंबाडाच आठवतो."

मी घरातले फोटो आठवून पाहिले. माझा एक फोटो धड नाही. तनू पुन्हा पुस्तकात बघायला लागली. मी चिंचा पुढे ओढल्या.

खरं तर मला बरं वाटायला पाहिजे होतं. माझी लेक माझ्याकडे बघत होती, तिला तसं आठवतंय, आता ते कुणी काढून घेणार नाही. पण ती आठवणही ऋजुताच्या हातची. तिनं बुबुळं तिळाएवढी खाली आणली आणि माझ्या पदरात माझी लेक टाकली. हे तिनं दया म्हणून केलं, की चित्र बरं दिसावं म्हणून, हे मी तिला कधी विचारलं नाही. दोन्हींतलं कुठलंही उत्तर मला चाललं नसतं.

काल रविवारी ऋजुता आली. चिंचेच्या दिवसांत ती येतेच, गोळे न्यायला आणि पायऱ्यांवर बसायला. केस पांढरे व्हायला लागलेत तिचे, शोभतात तिला तेही. मी आणि हिराकाकी फोडत होतो. हिराकाकींचे दात गेलेत, बाकी तशाच आहेत. ऋजुता म्हणाली, "वहिनी, नवीन पुस्तक करतेय. यात शेवटच्या पानावर ती बाई वळते."

माझी हातोडी थांबली.

"मुलं किती वर्षं विचारतायत. आता दाखवायचं ठरवलंय. तुम्ही तोंड काढू देणार नाही, माहितीय मला. म्हणून मनानंच कच्चं काढून आणलंय. बघा तरी."

तिनं कागद पुढे केला. माझा अंबाडा होता, माझी बट होती, माझे काळे हात होते. तोंड प्रेमळ होतं, शांत होतं. आणि हनुवटीला मध्ये खळी होती.

ऋजुताच्या लक्षात आलेलं नव्हतं. ती माझ्याकडे आशेनं बघत होती, पहिल्या पुस्तकाच्या वेळी बघितलं होतं तशीच. हिराकाकींनी चष्मा वर-खाली केला आणि म्हणाल्या, "ग्वाड हाय." तनू उठून आली, काकूच्या खांद्यावरून वाकली. बराच वेळ बघत राहिली.

"किती छान आलंय, काकू," ती म्हणाली. "अगदी आईच."

कागद वाऱ्यानं फडफडला. मला पुढचं सगळं दिसलं. पुस्तक छापून येईल, लोक बघतील, आणि पुढे कधीतरी, मी नसेन तेव्हा, तनू तिच्या लेकराला सांगेल, माझी आई अशी होती. हनुवटीला खळी होती तिच्या.

मी उठले. गुडघे कुरकुरले. पाट उचलला आणि फाटकाकडे, पायऱ्यांकडे तोंड करून मांडला.

"अगं अगं," हिराकाकी ओरडल्या, "चिंच काळी पडंल!"

"पडू दे," मी म्हटलं आणि बसले.

ऋजुता हातात कागद घेऊन तशीच उभी. "वहिनी? नक्की?"

"पाटी आण. आणि हे तोंड खोडून टाक. हनुवटी माझी काढ, तुझी नको."

तिनं कागदाकडे बघितलं, मग बोट आपल्या हनुवटीला लावलं, आणि तिचे कान लाल झाले. पायऱ्यांवर बसली, नवा कागद घेतला, एक डोळा मिटला. इतकी वर्षं ती माझ्या पाठीकडे अशी बघायची तर. मान खाली जायला लागली होती. मी जाऊ दिली नाही. तनू तिच्यामागे उभी होती, काकूच्या खांद्यावरून बघत. कागदाकडे बघत होती की माझ्याकडे, एवढंच मला बघायचं होतं, आणि त्यासाठी मान वरच ठेवावी लागणार होती.